म्युनिकचे दप्तर

जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरसभेने २८ मे २००३ रोजी एक ठराव संमत केला. ठराव दिसावयास रुक्षच होता. नगरपालिकेच्या कचेऱ्यांतील सुमारे चौदा हजार संगणकांवर तोवर अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज' ही ऑपरेटिंग सिस्टीम चालत असे. ती काढून तिच्या जागी 'लिनक्स' ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम आणावी, इतकाच त्याचा आशय. एखाद्या नगरपालिकेने आपल्या कचेरीतील यंत्रे कशी चालवावीत ही तिची घरगुती बाब होय. बाहेरच्यांनी तीत लक्ष घालण्याचे वस्तुतः काही प्रयोजन नव्हते. परंतु ठरावापूर्वी दोन महिने कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधील आपली सुट्टी मध्येच सोडून महापौर क्रिस्तियान ऊडे यांच्या भेटीस येऊन गेले होते, आणि कंपनीने मागितलेली किंमत ३ कोटी ६६ लाख डॉलरवरून उतरत उतरत २ कोटी ३७ लाखांवर आली, असे अमेरिकन वृत्तपत्रांनी छापले. जो माल एवढा उतरू शकतो त्याची पहिली किंमत कोणत्या हिशेबाने लावली होती, असा प्रश्न मंडईत भाजी घेणाऱ्या गृहिणीलाही पडेल. नगरसभेला तो पडला असावा. ठराव संमत झाला.

या प्रकरणाची हकीकत बहुधा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका तऱ्हेत एक शूर नगरी बलाढ्य कंपनीशी झुंजते आणि अखेर फितुरीने पडते. दुसरीत काही ध्येयवेडे लोक जनतेच्या पैशावर प्रयोग करतात आणि चौदा वर्षांनी शहाणपण येऊन पूर्वपदावर येतात. दोन्ही हकीकती नगरसभेच्या दालनातच घडतात. कचेरीत मेजापाशी बसून ज्यांनी ती यंत्रे वापरली ते कर्मचारी दोहोंतही जवळजवळ दिसत नाहीत. आयुष्य फायलींत गेलेल्या आमच्यासारख्यांस ही उणीव चटकन जाणवते, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मर्मही तेथेच आहे.

'मुक्त' हा शब्द येथे कोणत्या अर्थाने आला आहे तेवढे आधी सांगितले पाहिजे. संगणकाची प्रत्येक आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा रूपात प्रथम लिहिली जाते. ती तिची मूळ संहिता. कंपन्या ती स्वतःपाशी ठेवतात आणि ग्राहकास केवळ यंत्राला कळणारे रूप देतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक छपाईयंत्र-संच आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांना त्याची आज्ञावली सुधारावयाची होती, पण मूळ संहिता मिळेना. ती ज्यांच्यापाशी होती त्यांनी गुप्ततेचा करार करून ठेवला होता. अडकलेला कागद ओढून काढताना चडफडण्यापलीकडे आपण काही करीत नाही. स्टॉलमन यांनी १९८३ साली संपूर्ण मुक्त अशी एक प्रणालीच उभारण्याचा संकल्प जाहीर केला आणि तिला 'ग्नू' हे नाव दिले. पुढे त्यांनी जो परवाना रचला तो कायद्याच्या दृष्टीने मोठा चतुर आहे. स्वामित्वहक्काचा कायदा साधारणतः नक्कल रोखण्यासाठी वापरतात. या परवान्यात त्याच हक्काच्या आधारे अट घातली गेली की, ज्याला आज्ञावली मिळेल त्याला ती वाचण्याचा, बदलण्याचा व पुढे देण्याचा अधिकार राहील, आणि पुढे देताना हाच अधिकार त्याने दुसऱ्यासही दिला पाहिजे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, आणि दोहोंच्या संयोगातून आज जिला लिनक्स म्हणतात ती सिद्ध झाली.

म्युनिकपुढे प्रश्न उभा राहिला तो मात्र तत्त्वासाठी नव्हे. शहरात विंडोजची जी जुनी आवृत्ती होती तिला यापुढे पाठबळ देणार नाही असे कंपनीने ठरविले होते. यंत्रे चालत होती, माणसांना सवय झाली होती, कामही अडले नव्हते. तरी चौदा हजार यंत्रांवरील व्यवस्था बदलणे प्राप्त झाले, आणि तो दिवस नगरपालिकेने नव्हे तर तिच्या विक्रेत्याने मुक्रर केला. नगरपालिकेने सल्लागारांकडून अहवाल मागविला. केवळ पैशाच्या हिशेबात लिनक्स स्वस्त ठरत नाही, पण दीर्घकालीन स्वातंत्र्याच्या दृष्टीने तिचे पारडे जड आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुष्कळ समर्थक हे विसरतात आणि 'फुकट' या एकाच शब्दावर सारा युक्तिवाद उभा करतात. नगरसभेने तसे केले नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

ठराव करणे एका दिवसाचे काम. अंमल दहा वर्षे चालला. २००४ च्या उन्हाळ्यात युरोपात आज्ञावलींवर पेटंट देण्याचा वाद उफाळला होता, त्यामुळे निविदाच काही काळ थांबविण्यात आली. प्रत्यक्ष यंत्रे बदलू लागली ती २००६ साली, आणि तेव्हा खरी अडचण समोर आली. ती मसुद्यांच्या नमुन्यांची होती.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या सेक्शनात स्मरणपत्राचा, मंजुरीच्या आदेशाचा, रजेच्या पत्राचा एकेक ठरलेला नमुना असतो. तो कोणी केला हे कोणास ठाऊक नसते. केव्हातरी एका हुशार सहायकाने केला, तो बदलून गेला, नमुना राहिला. म्युनिकमध्ये असे नमुने, तक्ते व त्यांना जोडलेल्या लहानसहान आज्ञावली मिळून वीस हजारांहून अधिक निघाले. प्रत्येक खात्याचे संगणक सांभाळणारे स्वतंत्र पथक होते, आणि एकाची रीत दुसऱ्यास ठाऊक नव्हती. नव्या प्रणालीत हे सारे जसेच्या तसे उचलून ठेवणे शक्य नव्हते. एकेक नमुना तपासावा लागला. हा कशासाठी आहे, कोण वापरतो, याचे जुळे भावंड शेजारच्या खात्यात आहे काय, असे विचारावे लागले. त्यासाठी शहराच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच एक साधन लिहिले आणि २००८ साली ते इतरांसाठीही खुले केले. त्याचे नाव 'वोलमुक्स'. अंडी, लोकर, दूध आणि मांस हे सर्व एकटेच देणाऱ्या एका काल्पनिक जनावराची जर्मन भाषेत म्हण आहे, तिच्यावरून हे नाव पाडले. कचेरीतील माणसे वरिष्ठांच्या अपेक्षांविषयी काय समजून असतात ते या नावावरून कळते!

मुदत वाढत गेली. अखेर २०१३ च्या डिसेंबरात, सुमारे साडेपंधरा हजारांपैकी १४,८०० च्या आसपास संगणक नव्या प्रणालीवर आणून प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. नगरपालिकेने एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे सांगितले. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या एका कंपनीकडून करविलेल्या पाहणीत उलट कित्येक कोटींचा जादा खर्च दाखविला. दोन्ही हिशेब ज्याने त्याने आपापल्या दौतीतून लिहिलेले, म्हणून त्यांच्यावर मी विसंबत नाही.

२०१४ साली ऊडे निवृत्त झाले व डीटर राइटर महापौर झाले. दोघेही एकाच, सोशल डेमोक्रॅट पक्षाचे. त्यामुळे सत्तांतराने धोरण बुडाले असे म्हणता येत नाही. माणूस बदलला इतकेच. नवे महापौर व उपमहापौर यांनी तक्रारी मांडण्यास आरंभ केला. भ्रमणध्वनीवर डाक नीट येत नाही, पत्ते व भेटींची नोंदवही एकत्र दिसत नाही, कर्मचारी त्रासले आहेत, अशा त्या होत्या. यांतील पुष्कळशा गोष्टींचा मेजावरील ऑपरेटिंग सिस्टीमशी संबंध नव्हता. २०१६ साली मागविलेल्या सल्लागारांच्या अहवालातही मुख्य दोष संघटनेचा दाखविला होता: कामे अनेक पथकांत विखुरलेली, उत्तरदायित्व कोणा एकाचे नाही, आवृत्त्या जुन्या राहिलेल्या. हे सल्लागार मायक्रोसॉफ्टचे व्यवसायबंधू होते, म्हणून त्यांची ही साक्ष अधिकच मोलाची. नगरपालिकेच्या संगणक-विभागाच्या प्रमुखांनीही प्रणाली बदलण्यास सबळ तांत्रिक कारण दिसत नाही असे सांगितले. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय केला. तेवढ्या भागाचा अंदाजच ४ कोटी ९३ लाख युरोंचा होता. दरम्यान २०१६ साली मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतील मुख्य कार्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आणले होते. या दोन घटनांचा संबंध पुष्कळांनी जोडला. तो सिद्ध झालेला नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. कचेरीतील त्रासाचे गाऱ्हाणे ऐकून घेणारी एक जागा नसली, की माणूस समोर दिसेल त्यावर दोष ठेवतो. समोर दिसत होता तो लिनक्सचा पडदा. धोरण एका महापौराच्या इच्छाशक्तीवर उभे राहिले. त्याखाली जी प्रशासनाची वीट बसावयास हवी होती ती पुरती बसलीच नाही.

२०२० साली ग्रीन व सोशल डेमोक्रॅट यांच्या युतीने सार्वजनिक पैशातून झालेली आज्ञावली सार्वजनिक असावी हे तत्त्व पुन्हा स्वीकारले. २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या मंत्रिमंडळाने तीस हजार संगणकांवर प्रथम मुक्त लेखन-आज्ञावली आणि पुढे लिनक्स आणण्याचे ठरविले. एका पराभवाने प्रश्न मिटत नाही, कारण प्रश्न दप्तराच्या मालकीचा आहे.

हा मालकीचा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. पेशवे दप्तरातील कागद आज फार थोड्यांना वाचता येतात, कारण ते मोडीत आहेत. पण मोडी निदान शिकता येते. युनिकोडपूर्वीच्या काळात, १९९० नंतरच्या दशकात, मराठी व हिंदी पत्रे ज्या खाजगी फॉन्टांत टंकली गेली, तो फॉन्ट नाहीसा झाला की पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक भेळ उरते. शाई आहे, कागद आहे, भाषा आपली आहे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. २००७ व २००८ साली मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज-स्वरूपास आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता द्यावी काय यावर देशोदेशींच्या मानक संस्थांचे मत घेतले गेले. मुक्त स्वरूप २००६ सालीच प्रमाण ठरले होते. भारताने विरोधी मत दिले, ते पालटले नाही, आणि मान्यता मिळाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्यासह अपीलही केले. अपील फेटाळले गेले. तरीही आपल्या प्रतिनिधींनी तेथे जो कणखरपणा दाखविला त्याची आठवण आपल्या कचेऱ्यांत कोणी काढीत नाही, याचे वाईट वाटते.

घरी मात्र आपली चाल मंद राहिली. चेन्नईच्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स २००७ साली काढली. तीत मराठीचीही सोय आहे. २०१५ साली केंद्र सरकारने धोरण जाहीर केले की, खात्यांनी मुक्तस्रोत आज्ञावलीस प्राधान्य द्यावे आणि ती वगळल्यास समर्थन लेखी द्यावे. 'समर्थन' म्हणजे काय हे आपण जाणतोच. सायंकाळी साडेपाचपूर्वी ते दोन परिच्छेदांत लिहून होते, आणि मागील फायलीवरून घेतले तर एकातच.

केरळात मात्र वेगळे घडले. जे वाचक तिरुवनंतपुरम वा कोचीस नेमणुकीवर आहेत त्यांच्या मुलांनी ते शाळेत पाहिले असेल. २००१ साली तेथे 'आयटी अ‍ॅट स्कूल' योजना सुरू झाली. आरंभी अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या आज्ञावलींभोवती रचलेला होता. त्यास शिक्षकांच्या संघटनेनेच हरकत घेतली. पुढे शाळांसाठी लिनक्सची खास आवृत्ती तयार झाली. ती बसविणे, बिघडल्यास दुरुस्त करणे, इतर शिक्षकांस शिकविणे, ही कामे शाळांतूनच निवडलेल्या शिक्षकांकडे सोपविली गेली. २०१९ साली दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी तिची नवी आवृत्ती आली तेव्हा तीन हजार कोटी रुपये वाचल्याचे सांगण्यात आले. यंत्रामागे दीड लाखाची ही बचत, जो खर्च कोणी कधी केलाच नसता त्याचा हिशेब मांडून काढलेली दिसते. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. या काळात केरळात सरकारे आलटून पालटून डाव्या आघाडीची आणि काँग्रेस आघाडीची आली, मुख्यमंत्री बदलले, पाठ्यपुस्तके बदलली. शाळांतील प्रणाली टिकून राहिली. बिघाड झाला तर कोणाकडे जावयाचे हे तेथील मुख्याध्यापकास ठाऊक होते: शेजारच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकाकडे.