स्वस्त विजेची वेळ: मध्यरात्रीकडून मध्यान्हाकडे

भारतीय घरांच्या भिंतीवर कित्येक दशके लटकलेल्या जुन्या वीजमीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती फिरत असे. ती किती फिरली एवढेच मीटर सांगू शके. केव्हा फिरली हे त्याला ठाऊक नसे. पहाटे तीनचे युनिट आणि संध्याकाळी सातचे युनिट त्याच्या लेखी एकच. वीज निर्माण करणाऱ्यांच्या लेखी मात्र ती दोन युनिटे कधीच सारखी नव्हती.

हा फरक प्रथम नेमक्या शब्दांत मांडला तो ब्रिटिश अभियंता जॉन हॉपकिन्सन याने, १८९२ मध्ये. वीजकेंद्राचा मोठा खर्च कोळशाचा नसून सज्जतेचा असतो, हे त्याचे प्रतिपादन. सर्व ग्राहकांनी एकाच वेळी दिवे लावले तरी पुरे पडतील इतकी यंत्रे उभारावी लागतात, आणि उरलेला दिवस ती अर्धी रिकामी राहतात. त्यावरून स्थिर आकार आणि युनिटमागे आकार अशी दुहेरी दररचना पुढे आली. वेळेनुसार दर लावणे ही त्याच विचाराची पुढली पायरी होती. ब्रिटनमध्ये १९७८ साली रात्रीच्या सात तासांचा स्वस्त घरगुती दर लागू झाला. लोक रात्री हीटरमधील विटा तापवून ठेवत आणि दिवसा त्यांची ऊब घेत.

भारतातही कमी मागणीची वेळ म्हणजे रात्रच होती. कोळशावर चालणारा संच दोन-चार तासांसाठी विझवून पुन्हा पेटवता येत नाही. त्यामुळे मध्यरात्रीनंतरची वीज कुणी तरी वापरावी अशी ग्रिडची गरज असे. त्यासाठी उद्योगांना रात्रीची सवलत दिली गेली. तमिळनाडूतील कडमपराई (४०० मेगावॅट), पश्चिम बंगालमधील पुरुलिया (९०० मेगावॅट) आणि महाराष्ट्रातील घाटघर (२५० मेगावॅट) अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. फावल्या विजेवर खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि ऐन मागणीच्या वेळी तेच पाणी टर्बाइनवर सोडायचे, ही त्यांची रीत. पण रात्रीच्या विजेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक ठरला शेतकरी, आणि तोही स्वखुशीने नव्हे. त्याला दराने वळवले नाही, वेळापत्रकाने वळवले. कृषिपंपांना वीज रात्री मिळणार म्हटल्यावर बॅटरी हाती घेऊन, विंचूकाट्याच्या भयाने, बांधावरून पाणी धरायला जावे लागे. मागणी हलवण्याच्या भारतीय इतिहासातील हे प्रकरण दरपत्रकांत सापडत नाही, म्हणून ते अनेकदा गाळलेच जाते.

दरम्यान राज्याराज्यांतील व्यवहारात वेळेला किंमत आलेली होती. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात, आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर, उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली. दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ भाग पडले. ठरल्यापेक्षा अधिक वीज उचलली तर ग्रिडची वारंवारता त्या घडीला जितकी खालावलेली, तितका चढा आकार राज्याला पडे. पुढल्या वर्षी आलेल्या विद्युत अधिनियमाच्या ६२व्या कलमाने पुरवठ्याच्या वेळेनुसार वेगळा दर ठरवण्याची मुभा नियामक आयोगांना दिली. बहुतेक घरांत मात्र चकती फिरतच राहिली.

मग सूर्याने हिशेब उलटा केला. जानेवारी २०२५ च्या अखेरीस देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. दुपारी वीज मुबलक, सूर्यास्तानंतर तासाभरात ती शून्य, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू. ३० मे २०२४ ची सुमारे २५० गिगावॅटची विक्रमी मागणी सौर तासांतली होती आणि ती भागली; खरी ओढाताण संध्याकाळची असते. केरळच्या दरपत्रकात हे स्थित्यंतर स्वच्छ दिसते. तेथे अधिक वापराच्या घरगुती ग्राहकांना पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत १० टक्के सवलत असे. २०२५ पासून ती सवलत सकाळी सहा ते सायंकाळी सहा या वेळेकडे गेली.

केंद्राच्या जून २०२३ मधील दुरुस्त नियमांनी हेच देशासाठी सांगितले. सौर तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, गर्दीच्या तासांत घरांसाठी किमान १० टक्के अधिक. शेती वगळता उर्वरित ग्राहकांसाठी मुदत १ एप्रिल २०२५, अट स्मार्ट मीटरची. अंमल राज्यागणिक वेगळा आहे. समजा नेहमीचा दर ८ रुपये असेल, तर दुपारचे युनिट ६ रुपये ४० पैशांना आणि संध्याकाळचे ८ रुपये ८० पैशांना पडेल. महिन्याकाठी ६० युनिटे संध्याकाळकडून दुपारकडे नेली तर १४४ रुपये वाचतील. यंत्र रात्री लावले की बिल उतरते, हा जुना समज मात्र अशा दररचनेत खरा ठरत नाही. तेथे मध्यरात्रीचा दर नेहमीचाच.

घरगुती वापर खरोखर हलतो का, असा संशय अनेकांना असतो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता, नऊ मिनिटांसाठी, केवळ दिवे मालवण्याच्या आवाहनावर देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली, आणि जलविद्युत संच झपाट्याने उतरवून-चढवून ग्रिड सावरावी लागली. अर्थात तो टाळेबंदीचा काळ होता, माणसे घरात होती.

इतर दिवशी अडचण तिथेच आहे. पाण्याचा पंप, धुलाईयंत्र, इस्त्री, गच्चीवरच्या टाकीचा भरणा दुपारी नेता येतो. उकाड्याच्या रात्रीचा पंखा नेता येत नाही. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली. नोकरदाराच्या घराला कुलूप असते तेही याच वेळेत. ज्या घरी दुपारी कुणी असते, किंवा यंत्राला टायमर असतो, तेथे ही सवलत पूर्ण पदरात पडते. रात्री पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याची दिवसा विजेची जुनी मागणी आता सौर वाहिन्यांमुळे पुरी होऊ लागली आहे, आणि दुपारच्या त्याच विजेसाठी शहरातील घरांनाही बोलावणे आले आहे.