औषधामागचे हात

पिंपरीचे नाव देशाच्या कानी गेले ते औषधामुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन स्वदेशी तयार होऊ लागले. परंतु या औषधाच्या गुणाबरोबर आलेली एक अट आपण बहुधा विसरतो. आरंभीच्या काळातील पेनिसिलीन शरीरात फार वेळ टिकत नसे. दर तीन-चार तासांनी, मध्यरात्रीसुद्धा, सुई टोचावी लागे. कुपीतला गुण रोग्याच्या अंगी उतरण्यास एक जागा हात हवा असे. तो हात थकला, किंवा अनेक खाटांमागे एकटाच उरला, की औषध उत्तम असूनही उपचार अपुरा पडे.

जाणत्यांनी हे आधीच ओळखले होते. भोर समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण दाखविले. एका दवाखान्यात तर प्रत्येक रोग्याच्या वाट्यास सरासरी अवघे ४८ सेकंद येत. एवढ्या अवधीत नाडी पाहावी की दुखणे ऐकावे? हा दोष डॉक्टराच्या विद्येचा नव्हे, दारातल्या रांगेचा होय.

याच आकड्याची दुसरी कथाही आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराच्या कामास आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. थकलेला हात यंत्रात सापडतो, हे भोसरी-चाकणच्या कामगारास सांगावे लागत नाही. निवासी डॉक्टरांनी सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारचे पत्रक निघाले ते १९९२ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी! तेही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. कामगाराच्या थकव्याने त्याचे स्वतःचे बोट जाते. डॉक्टराच्या थकव्याची किंमत मात्र दुसराच कोणी मोजतो.

दरम्यान आपले गाव वाढले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या सतरा लाखांवर गेली. संत तुकारामनगरात यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि मोहननगरात कामगार विमा रुग्णालय उभे राहिले. रांग लांबली की नातलगांचा धीर सुटतो आणि राग निघतो तो समोर दिसणाऱ्या तरुण डॉक्टरावर. वास्तविक माणसे किती नेमावी हे त्याच्या हाती नसते. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील मारहाणीनंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले, आणि हाल झाले ते पुन्हा रोग्यांचेच.

म्हणून नवे रुग्णालय उभे राहताना खाटा किती, एवढेच विचारून आपण थांबू नये. त्या खाटांपाशी रात्री किती माणसे उभी असतात आणि ती किती तासांची जागी असतात, हेही नागरिकांनी विचारावे. तो प्रश्न डॉक्टरांच्या सोयीचा वाटेल. खरा तो आपल्याच अंथरुणाचा आहे.