बांधलेला धातू खरंच बांधलेला राहतो का?

१९६० च्या दशकात जेफ्री विल्किन्सन यांचा ऱ्होडियमचा उत्प्रेरक गाजला. काम उत्तम, पण तो द्रावणात विरघळलेला. मग अभिक्रिया संपल्यावर एवढा महाग धातू वेगळा करायचा कसा? म्हणून असे धातू सच्छिद्र घन आधारावर बांधायचे प्रयत्न सुरू झाले. १९९२ मध्ये मोबिलच्या संशोधकांनी एमसीएम-४१ हा सिलिका आधार जाहीर केला. छिद्रं साधारण २ ते १० नॅनोमीटरची, आणि एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर! आता गाळा, धुवा, पुन्हा वापरा.

पण १९९८ मध्ये रॉजर शेल्डन आणि सहकाऱ्यांनी द्रवातल्या ऑक्सिडेशनबद्दल लिहिताना शीर्षकातच विचारलं: हे उत्प्रेरक परीस आहेत की ट्रोजन घोडे? म्हणजे काम नेमकं कोण करतंय, बांधलेला धातू की सुटून द्रावणात गेलेला?

तपासायची रीत साधी आहे. अभिक्रिया अर्धवट असताना, गरम असतानाच गाळा. थंड केलं तर सुटलेला धातू परत आधारावर बसू शकतो. गाळलेलं द्रावण पुढेही अभिक्रिया करत राहिलं, तर धातू सुटलाय.

‘पाच वेळा वापरला’ एवढ्याने भागत नाही. दर वेळी १ टक्का धातू निसटला, तरी सगळं काम तोच करत असू शकतो. आपल्या आवडत्या निकालावर ही चाचणी आपणच आधी करायची.