विकेंद्रित साठवण व मोबदला

स्वतःच्या संगणकावरील रिकामी जागा आणि इंटरनेट जोडणीची क्षमता (बँडविड्थ) अनोळखी माणसांना वापरू देण्याबद्दल मिळणारा मोबदला हा विकेंद्रित जाळ्यांचा कणा होय. तो नसेल तर फुकटेपणा माजतो : नूटेला या फाइल-वाटप जाळ्यावरील सुमारे ७० टक्के वापरकर्ते एकही फाइल इतरांना देत नसल्याचे अडार व ह्यूबरमन या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. त्याच सुमारास मोजो नेशन या जाळ्याने ‘मोजो’ हे चलन काढून जागा व बँडविड्थ यांचा बाजार मांडला. तेथे काम केलेल्या ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटोरेंट हे फाइल-वाटपाचे तंत्र आणले आणि चलनच वगळले. बिटटोरेंटवरील देवाणघेवाण हातोहात चालते. मूळ रचनेत संगणक दर १० सेकंदांनी हिशेब करतो आणि जास्त देणाऱ्या मोजक्याच सोबत्यांना फाइलचे तुकडे पाठवतो. दर ३० सेकंदांनी मात्र एखाद्या नवख्यालाही संधी मिळते. ही युक्ती विलक्षण साधी, आणि म्हणूनच टिकाऊ ठरली. पण फाइल उतरवून झाली की ती पुढे जपण्याचे कारण उरत नाही. ही उणीव भरून काढू पाहणाऱ्या फाइलकॉइनचे मुख्य जाळे २०२० मध्ये सुरू झाले. तेथे साठवणदाराला तारण ठेवावे लागते आणि डेटा शाबूत असल्याचा गणिती पुरावा दर २४ तासांनी द्यावा लागतो. तो चुकल्यास दंड बसतो.