कोर्लईचा नाताळ

डिसेंबर महिना निम्मा सरला, कीं छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, या शहराच्या पश्चिमेस असलेल्या छावणींत ख्रिस्ती कुटुंबांच्या दारांवर कागदी तारे दिसूं लागतात. शेजारपाजारच्या हिंदु व मुसलमान घरांतील मुलें ते तारे पाहून ‘नाताळ आला’ असें एकमेकांस सांगतात. इंग्रजी अमदानींत लष्करी अधिकाऱ्यांच्या तोंडीं येथें ‘ख्रिसमस’ हा शब्द होता. परंतु मराठी माणसाच्या जिभेवर त्याहून अधिक रुळला तो ‘नाताळ’. हा शब्द मूळचा मराठी नाहीं, संस्कृत नाहीं आणि इंग्रजीही नाहीं. ख्रिस्तजन्माच्या सणाचें हें पोर्तुगीज नांव आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावरून घाट चढून तें दीडशें मैलांहून अधिक अंतरावरील या छावणीपर्यंत येऊन पोहोंचलें आहे.

त्याच वाटेनें पाव आला, बटाटा आला, साबण, चावी, बादली, मेज आणि पगारही आला. हे शब्द ज्यांनीं आणले, ते राज्यकर्ते निघून गेले. परंतु त्यांच्या भाषेचा एक धागा ज्यांच्या चुलीपाशीं अद्यापि तुटलेला नाहीं, असें एक लहानसें गांव महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यांतील त्या गांवाचें नांव कोर्लई.

भूगोलाच्या व्याख्येप्रमाणें कोर्लई हें बेट नव्हे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस कुंडलिका नदीची खाडी, आणि या दोहोंच्या मध्यें पाण्यांत शिरलेला डोंगर. त्या डोंगरावर किल्ला आणि पायथ्याशीं गांव, अशी त्याची ठेवण आहे. खाडीच्या पलीकडच्या तीरावर रेवदंडा दिसतो. दोन्ही गांवें एकमेकांस दिसत असलीं, तरी १९८६ मध्यें खाडीवर पूल होईपर्यंत इकडून तिकडे जावयाचें म्हणजे होडीचा आश्रय करावा लागे. पाण्यानें वेढलेल्या जमिनीस आपण बेट म्हणतों. परकी भाषा बोलणाऱ्या लोकांनीं वेढलेल्या वस्तीसही बेट म्हणावयाचें असेल, तर कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीइतकें चोख उदाहरण मिळणें कठिण. भोंवतालीं मराठीचा समुद्र, आणि मध्यें हजाराच्या आगेंमागें माणसें बोलतात अशी एक पोर्तुगीज वळणाची बोली!

ही बोली तेथें आली कशी, हें समजण्यास निजामशाहीचा इतिहास थोडासा पाहिला पाहिजे. आणि दौलताबादच्या परिसरांत राहणाऱ्यांस तो कांहीं परका नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं चौल हें निजामशाहीचें भरभराटीचें बंदर होतें. १५०८ मध्यें याच बंदरांत ईजिप्त व गुजराथ यांच्या आरमाराशीं पोर्तुगीजांची लढाई झाली, आणि तींत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा मारला गेला. पुढें १५२१ मध्यें पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या अनुमतीनें पोर्तुगीजांनीं रेवदंड्यास किल्ला बांधावयास घेतला. ही अनुमति दिल्याचा पश्चात्ताप निजामशाहीस पुढें झाला असावा. १५७० व १५७१ या सालीं मुर्तझा निजामशहानें चौलास प्रदीर्घ वेढा घातला, परंतु तें हातीं लागलें नाहीं. त्यानंतर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें रेवदंड्यावर तोफांचा मारा करतां यावा म्हणून समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर ठाणें उभारलें. परंतु १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं हल्ला करून तेंही घेतलें. त्या पराभवानंतर सोळाच वर्षांनीं, १६१० मध्यें, त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें खडकी नगराची स्थापना केली आणि आजच्या संभाजीनगराचा पाया घातला. ज्या छत्रपतींचें नांव आज या शहरास आहे, त्यांच्या सैन्यानेंही १६८३ मध्यें चौलास वेढा दिला होता.

या धामधुमींतही दरवर्षीं नाताळ येतच असे. त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १५८२ मध्यें पोप तेरावे ग्रेगरी यांनीं पंचांगाची सुधारणा केली. पोर्तुगालनें ती तत्काळ स्वीकारली, परंतु इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत मानली नाहीं. त्यामुळें सतराव्या शतकांत मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर, रेवदंड्यांतील पोर्तुगीजांचा नाताळ होऊन दहा दिवस लोटले, म्हणजे मुंबईंतील इंग्रजांचा नाताळ येई. देव एक, सण एक, समुद्रही एक. परंतु तिथि मात्र दोन! एकादशी स्मार्तांची कोणती आणि भागवतांची कोणती, या वादास सरावलेल्या आपल्या लोकांस याचें विशेष आश्चर्य वाटूं नये.

१७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली आणि उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. पुढच्याच वर्षीं झालेल्या तहानें चौल व कोर्लई हीं दोन्ही ठाणीं मराठ्यांकडे आलीं. ज्यांच्यापाशीं द्रव्य व दर्जा होता, अशीं पोर्तुगीज कुटुंबें गोव्याकडे निघून गेलीं. मागें राहिले ते गरीब एतद्देशीय ख्रिस्ती. त्यांना गोव्यांत जमीन नव्हती आणि लिस्बनमध्यें नातलग नव्हते. किल्ल्याच्या आसऱ्यानें राहणारीं हीं कुटुंबें डोंगराच्या पायथ्याशीं शेतीभाती करून राहूं लागलीं. राज्य बदललें, निशाण बदललें. घरांतील भाषा तेवढी बदलली नाहीं.

ती कां बदलली नाहीं? धर्मानें हीं माणसें शेजाऱ्यांहून निराळीं, त्यामुळें सोयरीक वस्तींतल्या वस्तींतच होई. जातिभेदाच्या भिंतींमुळें गांवांतील इतरांशीं रोटीव्यवहारही बेताचा. धर्मोपदेशक तेवढे पोर्तुगीज जाणणारे येत राहिले. बाकी पोर्तुगीज जगाशीं असलेला संबंध संपला. ज्या एकटेपणानें त्यांस गरीब ठेवलें, त्याच एकटेपणानें त्यांची भाषा राखली. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती लोकांतही अशीच पोर्तुगीज मिश्र बोली एके काळीं होती. गोव्याचे विद्वान धर्मगुरु सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनीं १९०६ मध्यें या उत्तरेकडील बोलींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु मुंबईच्या नोकरीधंद्यांत इंग्रजीचा लाभ दिसतांच तेथील बोली मावळली. कोर्लईस असा लाभ दाखविणारें कोणी जवळ नव्हतें.

मात्र भाषा राहिली म्हणून ती होती तशीच राहिली, असें नाहीं. पोर्तुगीज वाक्यांत क्रियापद मध्यें येतें. कोर्लईच्या बोलींत तें मराठीप्रमाणें शेवटीं जाऊन बसलें. शब्दांच्या शेवटचे स्वर गळाले; घर या अर्थाचा पोर्तुगीज ‘काझा’ येथें ‘काद्झ’ झाला. शब्दांचें सोनें परदेशचें, परंतु दागिन्याची घडण मराठी, असें या बोलीचें रूप आहे. अमेरिकन भाषापंडित क्लान्सी क्लेमेंट्स यांनीं अनेक वर्षें अभ्यास करून १९९६ मध्यें तिच्यावर ग्रंथ लिहिला. शास्त्रज्ञ तिला कांहींही म्हणोत. बोलणारे तिला आपल्या बोलींत ‘आपली भाषा’ अशाच अर्थाचें नांव देतात.

आतां या घरांतील नाताळाकडे वळूं. कोंकणांत भाताची कापणी कार्तिकांत उरकते, आणि डिसेंबरांत नवा तांदूळ घरांत आलेला असतो. त्यामुळें उत्तरेकडे जो बर्फाचा सण, तो येथें नव्या पिकाचा सण होतो. कोंकणच्या किनाऱ्यावरील जुन्या ख्रिस्ती घरांत सणाआधीं आठवडाभर चुलीस विसांवा नसतो. तांदळाचें पीठ, गूळ आणि नारळाचें दूध एकत्र आटवून दोदोल करतात. तो घोटतांना हात थांबला कीं तळाशीं लागलाच, म्हणून घरांतील सर्वांना पाळीपाळीनें डावावर बसावें लागतें. नारळाचें सारण भरलेल्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी. पिठाच्या लहान गोळ्या फणीवर वळून कुलकुल करावयाचे, हें मुलांचें काम. हें सारें ताटांत घालून, वर विणलेला रुमाल झांकून, शेजाऱ्यांकडे पोहोंचविलें जातें. दिवाळींत आलेल्या फराळाच्या ताटाची ती परतफेड असते.

घराच्या कोपऱ्यांत गवत, माती व चिंध्या यांनीं गोठा मांडतात. इटलींत ग्रेच्चो या खेड्यांत असीसीच्या संत फ्रान्सिसनें १२२३ मध्यें खरे बैल-गाढव आणून हा देखावा उभा केला, तेव्हांपासून ही प्रथा पसरली, असें मानतात. गोठा ज्यांच्या घराशेजारींच आहे, अशा शेतकऱ्यांच्या वस्तींत हा देखावा समजावून सांगण्याची गरज पडत नाहीं. मध्यरात्रीच्या उपासनेस पोर्तुगीज लोक ‘कोंबड्याची मीस’ असें म्हणतात. त्या रात्रीं कोंबडा अवेळीं आरवला, अशी दंतकथा आहे. कोर्लईचें मंदिर माउंट कार्मेलच्या मातेचें आहे. लाटांच्या आवाजांत त्याची घंटा ऐकून घराघरांतून माणसें निघतात. म्हाताऱ्यांचा हात धरून नातवंडें चालतात.

अशाच एका एकाकी वस्तीची येथें आठवण होते. दक्षिण अटलांटिक महासागरांत त्रिस्तान दा कुन्या नांवाचें बेट आहे. अतिदूर मनुष्यवस्तीचें बेट म्हणून तें प्रसिद्ध आहे. सर्वांत जवळची वस्ती, सेंट हेलिना, तेथून सुमारें २४०० किलोमीटर दूर. त्या बेटास ज्याचें नांव मिळालें, तो पोर्तुगीज दर्यावर्दी १५०६ मध्यें हिंदुस्थानास येतांनाच तें पाहून गेला. तेथें १८१६ मध्यें इंग्रजांनीं पहारा बसविला, आणि सैन्य परत गेलें तेव्हां विल्यम ग्लास नांवाचा एक शिपाई कुटुंबासह मागें राहिला. त्यापासून वस्ती वाढली. आजही ती अडीचशें माणसांहून कमीच आहे. तेथें नाताळ भर उन्हाळ्यांत येतो. मेंढ्यांची लोकर कापून झाली, कीं सारीं कामें बंद होतात आणि सुमारें तीन आठवडे गांव एकमेकांच्या घरीं जाण्यायेण्यांत घालवितें. १९६१ मध्यें ज्वालामुखी फुटल्यामुळें सर्व रहिवाशांस इंग्लंडांत नेलें. तेथें घरें मिळालीं, नोकऱ्या मिळाल्या. तरी परत जावयाचें कीं नाहीं, असें विचारतां १४८ मतें परतण्याच्या बाजूनें आणि अवघीं ५ विरुद्ध पडलीं. १९६३ मध्यें बहुतेक लोक बेटावर परतले. माणसास सोय हवी असते, परंतु सणाच्या दिवशीं ज्या दारांत उभें राहावेंसें वाटतें, तें दार सोयीवरून ठरत नाहीं.

त्रिस्तानच्या लोकांस सोडून गेलेली भूमि परत मिळवितां आली. कोर्लईपुढील प्रश्न अधिक नाजूक आहे. कारण तेथें भूमि पायांखालींच आहे, आणि निसटत आहे ती भाषा. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें लॅटिनऐवजीं लोकांच्या भाषेंत उपासना करण्यास मोकळीक दिली. निर्णय उदार होता. त्याप्रमाणें कोर्लईच्या मंदिरांत मराठी आली. परंतु तेथील ख्रिस्ती माणसाची घरची भाषा मराठी नव्हती! तिला लिपी नाहीं, छापील ग्रंथ नाहीं, मग तिला वेदीवर कोण नेणार? शाळेंत मराठी, बाजारांत मराठी, आणि पुलावरून शहराकडे जातांना इंग्रजीची ओढ. ज्या पुलानें आजाऱ्यास रुग्णालयांत आणि मुलांस महाविद्यालयांत नेलें, त्या पुलास दोष कोण देईल? एकटेपणानें भाषा जगते म्हणून माणसांनीं एकटें राहावें, असें सांगण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

म्हणून त्या बोलीस आतां घर हाच एक आश्रय उरला आहे, आणि घर पूर्ण भरतें तें नाताळांत. परगांवीं पोटासाठीं गेलेलीं मुलें सुनांनातवंडांसह परत येतात. दोदोलाच्या भांड्याभोंवतीं बसून आजी नातवास कांहीं विचारते. त्या नातवानें आजीच्याच बोलींत उत्तर दिलें, तर पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ राजाश्रयावांचून चालत आलेली परंपरा आणखी एक वर्ष पुढें गेली. त्यानें मराठींत उत्तर दिलें, तरी आजी रागावणार नाहीं. तिलाही मराठी येतेंच. भाषा मरते ती अशी, कोणाशींही भांडण न करतां.

छावणींतील मराठी ख्रिस्ती कुटुंबास ही चिंता नाहीं. घर, शाळा आणि मंदिर यांची भाषा तेथें एकच आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूनें १६१६ मध्येंच ख्रिस्तजन्माची कथा ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्यांत मराठींत आणली, आणि अहमदनगरकडे राहून रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं मराठी भक्तिगीतांची भर घातली. या भाग्यवान भाषेनें आपल्या सणाचें नांव मात्र किनाऱ्यावरून उसनें घेतलें. तें ज्या भाषेंतून आलें, तिची एक गरीब लेक खाडीकांठीं अजून बोलत आहे, एवढें तरी ‘नाताळ’ म्हणतांना आपल्या ध्यानांत असावें.