गोष्टीतलं कोर्ट, तारखेचं कोर्ट

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत कोर्टं दोन होती. एक गोष्टीतलं, दुसरं तारखेचं.

गोष्टीतलं म्हणजे मुंबईच्या फोर्टातलं हायकोर्ट. चाळीतल्या कुणाचं तिथे काम पडलं नव्हतं, तरी आजोबांना त्याची कुंडली तोंडपाठ. कर्नल फुलर नावाच्या लष्करी इंजिनिअरने आराखडा काढला. 1871 साली काम सुरू झालं, 1878 साली पुरं. अंदाज 16,47,196 रुपयांचा, खर्च आला 16,44,528. सरकारी बांधकामात 2,668 रुपये वाचले, हे आजोबा असं सांगत की जणू ते त्यांच्याच पाकिटातले वाचले होते. मग माकडाची गोष्ट. तिथल्या कोरीवकामात एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेलं माकड आहे आणि गळ्यात वकिली पट्टा लावलेला कोल्हाही. म्हणे एका पारशी ठेकेदाराचा दावा बुडाला आणि त्याने दगडात सूड उगवला. ठेकेदार खरा असो वा खोटा, माकड खरं आहे.

पण आजोबांचा आवाज चढायचा तो 1908वर. तेव्हा ते आठेक वर्षांचे, वडील गिरणीत. 22 जुलैच्या रात्री याच हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्युरीतल्या सात इंग्रजांनी दोषी म्हटलं, दोघा पारशांनी निर्दोष. शिक्षा सुनावली न्यायमूर्ती दावरांनी. 1897च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून उभे राहिलेले बॅरिस्टर दावर ते हेच! दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडू लागल्या. सहा वर्षांना सहा दिवस, असा कामगारांचा सरळ हिशेब. पणजोबाही बाहेर पडले. त्या संपाची दखल तिकडे लेनिनने घेतली. पणजोबांना लेनिन कोण हे मरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता तारखेचं कोर्ट, म्हणजे आमचं भोईवाडा कोर्ट. त्याला ना मनोरा, ना माथ्यावर न्यायदेवता. वास्तुकलेच्या पुस्तकात त्याला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर इमारत म्हणून मीही तिची तरफदारी करणार नाही. पण परळ-नायगावच्या माणसाला कायदा भेटला तो इथेच. दारूबंदीच्या काळात हातभट्टीवाले, मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणारे, नळावरच्या भांडणात डोकं फुटलेले आणि फोडणारे, गिरणीच्या गेटवरच्या घोषणांपायी उचललेले, सगळे एकाच व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत. आजी म्हणायची, तिथे बसायला बाक मिळाला तरी निम्मा खटला जिंकल्यासारखं वाटे.

जामिनाला माणूस लागे. रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप घेऊन जो उभा राहील तो जामीनदार. चाळीत असे दोन-तीन ठरलेले होते. लग्नात आहेराच्या यादीत त्यांचं नाव वर असायचं. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ही व्यवस्थाच मोडली. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मग स्लिप कुणाकडे? खोल्या भरून रेशनकार्डं, पगार एकाचाही नाही. शेजारच्या काकूंचा मुलगा आत होता. ‘अहो, तुमचा पगार चालू आहे ना, एवढं करा,’ असं म्हणत त्या केईएमच्या वॉर्डबॉयपासून बेस्टच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांकडे फिरल्या. अखेर कंडक्टर उभा राहिला. गिरणी संपावरच्या पुस्तकांत संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत, मालक आहेत, आकडे आहेत. हा कंडक्टर मला कुठे दिसला नाही.

कोर्टावरच्या पाट्या बदलत गेल्या. 1 एप्रिल 1974ला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचा मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट झाला, 1 जुलै 2024ला लागू झालेल्या नव्या कायद्याने तेही पद गेलं. टॅक्सीवाल्याला मात्र अजून ‘भोईवाडा कोर्ट’ एवढंच सांगावं लागतं.

हायकोर्टाची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. 2018पासून ते जागतिक वारशात आहे. 1908च्या खटल्यातले टिळकांचे शब्द 1956पासून तिथे संगमरवरात आहेत. भोईवाड्याचं दप्तर आहे ते आपल्या ट्रंकांत. आता बीडीडी चाळी आणि आजूबाजूच्या इमारती रिकाम्या होताहेत. सामान बांधताना एखादं पिवळं समन्स, जामिनाचा कागद, दंडाची पावती हाती लागली, तर रद्दीत टाकू नका. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारून तो कागद कुणाचा, कशापायी, आणि जामीन कोण राहिलं होतं, एवढं मागच्या बाजूला लिहून ठेवा.