आर्चबिशपच्या वाड्यातलं रामायण

गोव्यात सोळाव्या शतकात लिहून घेतलेलं रामायण-महाभारत आज कुठे आहे, माहितीये? पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात, तेही आर्चबिशपच्या वाड्यात!

ब्रागा म्हणजे पोर्तुगालचं जुनं धर्मपीठ. आर्चबिशपचा वाडा चौदाव्या शतकापासून वाढत गेला. १८३४ मध्ये तिथल्या सरकारने साधूंचे सगळे मठ बंद करून मालमत्ता सरकारजमा केली. जमिनी-इमारतींना गिऱ्हाईक मिळतं हो, पण मठांतल्या पुस्तकांचं काय करायचं? त्यासाठी १८४१ मध्ये ब्रागात सार्वजनिक ग्रंथालय निघालं. आधी तेही एका रिकाम्या मठातच होतं. इकडे वाड्याचा अठराव्या शतकातला भाग १८६६ च्या आगीत जळाला. १९१० मध्ये राजेशाही गेली, चर्चची मालमत्ता प्रजासत्ताकाकडे आली, आणि १९३४ मध्ये दुरुस्त केलेल्या वाड्यात ग्रंथालय आलं. आता शेजारीच मिन्हो विद्यापीठाची कचेरी आहे.

या ग्रंथालयातली ७७१, ७७२ आणि ७७३ क्रमांकांची हस्तलिखितं आपल्या कामाची. लिपी रोमन, भाषा मात्र आपली. रामायण-महाभारताच्या कथा कोकणी गद्यात, शिवाय मराठी ओव्या. मराठी की कोकणी हा वाद मी इथे उकरणार नाही, दोन्ही त्यात आहेत. जेझुइट पाद्रींनी ही लिहून घेतली. लोकांना बाटवायचं तर आधी त्यांची भाषा आणि त्यांच्या गोष्टी यायला हव्यात, हा साधा हिशोब. १५६७ मध्ये साष्टीत देवळं पाडली गेली, ती याच मंडळींच्या पुढाकाराने. म्हणजे एका हाताने देऊळ पाडायचं, दुसऱ्या हाताने त्यातली कथा उतरवून घ्यायची. हेतू काहीही असो, कथा वाचली, हे मला नाकारता येत नाही. पण म्हणून त्यांचे आभार मानायलाही मी तयार नाही.

विसाव्या शतकात गोव्याचे अभ्यासक मारियानो साल्दान्हा यांनी या पोथ्या उजेडात आणल्या, तोवर त्या तिकडे पडून होत्या.

त्यात केळशीच्या कृष्णदास शामांची मराठी कृष्णकथाही आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्यांचंच नाव आहे. पोथी ब्रागात, पाटी पणजीत.